हातांनी शिकलेली बालशिक्षिका

साहित्य शिकवणाऱ्या आपणा सर्वांना एक सवय जडलेली असते. इतिहास म्हटला की आपण आधी ग्रंथ शोधतो. जे लिहिले गेले ते घडले, आणि जे लिहिले गेले नाही ते जणू घडलेच नाही, असा आपला न बोललेला समज असतो. बालशिक्षणाचा इतिहासही आपण असाच वाचत आलो आहोत. ताराबाई मोडक, अनुताई वाघ, संस्थांची स्थापना, मिळालेले सन्मान, एवढ्यावर प्रकरण संपते. तीन वर्षांच्या मुलासमोर जमिनीवर बसायला एखादी बाई नेमकी कशी शिकली, हा प्रश्न मात्र विचारला जात नाही. आम्हांला या लेखात तोच विचारायचा आहे.

युरोपात हा प्रश्न फ्रबेलपासून सुरू होतो. १८३७ साली जर्मनीत त्याने बालोद्यानाच्या कल्पनेला आकार दिला. पुढे त्याच्या परंपरेत शिकणाऱ्या तरुणींना कागदाच्या घड्या, विणकाम, ठोकळ्यांच्या रचना स्वतः कराव्या लागत. १९०७ साली रोममधील गरीब वस्तीत मारिया माँटेसोरी यांचे पहिले बालगृह उघडले. त्यांच्या पद्धतीत शिक्षिकेने प्रत्येक साधन आधी स्वतः हाताळायचे, ते मुलाला संथपणे आणि कमीत कमी शब्दांत दाखवायचे, मग बाजूला होऊन निरीक्षण करायचे. खरखरीत कागदाच्या अक्षरावरून बोट फिरवताना अक्षर डोळ्यांआधी हाताला कळते. हे ज्या शिक्षिकेच्या बोटांनी अनुभवलेले नाही, तिला ते मुलाला देता येत नाही. व्याख्यान ऐकून निरीक्षणाची व्याख्या पाठ होईल, पण मूल अडखळत असताना मदतीसाठी पुढे झालेला हात मागे घेण्याचा संयम वर्गातच येतो.

हा विचार आपल्याकडे मराठीत पोहोचला तो गुजरातच्या वाटेने. भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांनी १९२० साली बालमंदिर सुरू केले. गिजुभाई मूळचे वकील. त्यांचे बालशिक्षणही प्रत्यक्ष मुलांमध्ये राहूनच झाले. गोष्ट सांगण्याच्या कलेवर त्यांनी ‘वार्तानुं शास्त्र’ हा ग्रंथ लिहिला, याची साहित्याच्या अभ्यासकांनी विशेष नोंद घ्यावी. मुंबईच्या पदवीधर ताराबाई मोडक राजकोटच्या महिला अध्यापन विद्यालयातील प्राचार्यपद सोडून गिजुभाईंच्या कार्यात सहभागी झाल्या. १९२६ साली नूतन बालशिक्षण संघाची स्थापना झाली. शिक्षिका घडवणारी व्यक्ती आधी स्वतः बालमंदिरात विद्यार्थिनी होते, हा क्रम आम्हांला महत्त्वाचा वाटतो.

या शिक्षणाची खरी कसोटी लागली ती खेड्यात. १९४५ साली ताराबाईंनी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील, आता पालघर जिल्ह्यात असलेल्या बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केले आणि अनुताई वाघ तेथे दाखल झाल्या. अनुताई नवख्या नव्हत्या. शाळेत शिकवण्याचा अनुभव त्यांच्या गाठीशी होता. पण त्या अनुभवात फळा होता, बाक होते आणि शाळेत येणारी मुले होती. इथे मुलेच शाळेत येत नव्हती. तेव्हा शाळा मुलांच्या अंगणात गेली, आणि तिथून ‘अंगणवाडी’ हा शब्द रुजला. शहरातील माँटेसोरी साधने महाग होती. त्यांच्या जागी शिंपले, गारगोट्या, बिया, पाने, माती अशा परिसरातल्या वस्तू आल्या. पुढे १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धात हे काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली वस्तीत गेले. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी तिथे कुरणशाळाही भरली.

साधन बदलले की शिक्षिकेचे शिक्षणही बदलते. विकत आणलेल्या साधनाची शिक्षिका ते वापरायला शिकते, तर बियांतून साधन घडवणारी शिक्षिका साधनामागचा विचार शिकते. लहान-मोठे, खरखरीत-गुळगुळीत, हलके-जड हे भेद मुलाच्या हाताला कसे जाणवतील, याचा शोध तिला स्वतःच घ्यावा लागतो. मुलाची नखे कापणे, केस विंचरणे, गाणे म्हणणे, गोष्ट सांगणे ही तिची पाठ्यक्रमाबाहेरची कामे नसून तोच तिचा पाठ्यक्रम होता. अनुताईंनी ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ हे आत्मकथन लिहिले म्हणून त्यांचा प्रवास आपल्याला वाचता तरी येतो. अंगणात बसून शिकलेल्या असंख्य बायांनी असे काही लिहिले नाही.

इथेच आमच्या मते खरी अडचण आहे. जे ज्ञान लिहिले जात नाही, ते ज्ञान म्हणून मोजलेही जात नाही. २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि ‘अंगणवाडी’ हा शब्द देशभर गेला. मात्र अंगणवाडीतील बाई ‘सेविका’ म्हणून ओळखली गेली. तिला मिळते ते वेतन नव्हे, मानधन. मुले सांभाळणे हा बाईचा स्वभावधर्मच आहे, त्यात शिकण्यासारखे काय, हा समज या दोन शब्दांत दडलेला आहे. कोसबाडचा अनुभव नेमका याच्या उलट आहे. हे काम आपोआप येत नाही, ते कष्टाने शिकावे लागते.

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते सहा वर्षांच्या मुलांचे शिक्षण शालेय रचनेत सामावून घेतले, याचे स्वागतच करायला हवे. बारावी झालेल्या सेविकांसाठी सहा महिन्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम आणि त्याहून कमी शिकलेल्यांसाठी वर्षाची पदविका त्यात सुचवली आहे. मात्र हे अभ्यासक्रम दूरशिक्षणाने, दूरचित्रवाणी वाहिन्या आणि स्मार्टफोन यांच्या आधारे चालवता येतील, असेही तेच धोरण सांगते. काम न सोडता शिकता यावे हा त्यामागचा हेतू रास्त आहे. धोरणात प्रत्यक्ष वर्गातील भेटींचीही तरतूद आहे. प्रश्न आहे तो प्रमाणाचा. पडद्यावर साधन दिसेल, पण त्याचे वजन कळणार नाही. गोष्ट ऐकू येईल, पण समोरचे मूल केव्हा कंटाळले हे उमगणार नाही.

अध्यापक विद्यालयांतील पाठ-टाचणांच्या वह्या आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. त्या सुबक असतात आणि बहुतेकदा एकमेकींची नक्कल असतात. बिया निवडून, धुऊन, वाळवून त्यांचे साधन बनवणाऱ्या बाईला अशी नक्कल करता येत नाही. तिच्या कामाची वही म्हणजे समोर बसलेली मुले. ती वही वाचायला आपण, म्हणजे वाचन हाच ज्यांचा व्यवसाय आहे अशा माणसांनी, अजून सुरुवातही केलेली नाही.