औषध मुंबईत, साप शेतात

भाताची आवणी सुरू झाली की डहाणू-तलासरीच्या पट्ट्यात माणसे दिवसभर चिखलात असतात. कैनाडसारख्या गावात घरे पाड्यापाड्यांत विखुरलेली, आणि बांधाच्या बिळांत पाणी शिरले की साप कोरडी जागा शोधत बाहेर पडतात. अशा दिवसांत कुणाला साप चावला, तर पहिला निर्णय घेतला जातो तो घराच्या ओट्यावर : भगताला बोलवायचे की दवाखान्याची वाट धरायची? तेथे ना डॉक्टर असतो, ना शास्त्रज्ञ. रोगी वाचणार की नाही, हे मात्र बऱ्याचदा तेथेच ठरते.

सर्पविषावरच्या औषधाचा इतिहास साधारण सव्वाशे वर्षांचा आहे. आल्बेर काल्मेत हे फ्रेंच संशोधक १८९१ मध्ये व्हिएतनाममधील सायगावला गेले. पुराने हुसकावलेले नाग एका वस्तीत शिरले, माणसांना चावले, आणि तेथून काल्मेत यांचे लक्ष या विषाकडे वळले. प्राण्याच्या शरीरात विषाची अगदी थोडी मात्रा टोचत गेल्यास त्याच्या रक्तात त्या विषाला निकामी करणारी द्रव्ये तयार होतात. त्या रक्तातील रक्तद्रव, म्हणजे सीरम, दंश झालेल्या रोग्याला दिला तर त्याचे प्राण वाचू शकतात. १८९४-९५ च्या सुमारास हे सिद्ध झाले. पुढे या कामासाठी घोडा सोयीचा ठरला.

काल्मेत यांना वाटले होते की नागाच्या विषावरचा सीरम सर्वच सापांवर चालेल. तसे झाले नाही. नागाचे विष मुख्यतः मज्जासंस्थेवर घाव घालते, तर घोणशीचे रक्ताची गोठण्याची शक्ती बिघडवते. भारतात काम करणारे जॉर्ज लॅम आणि ऑस्ट्रेलियातील चार्ल्स मार्टिन यांच्यासारख्या संशोधकांनी दाखवून दिले की कुलूप बदलले की किल्लीही बदलावी लागते. म्हणून आपल्याकडची प्रतिविष लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या विषांवर मिळून बनवतात. मुंबईत परळच्या हाफकिन संस्थेचे नाव या कामाशी अनेक दशके जोडलेले आहे. परळ ते डहाणू हे अंतर रेल्वेने काही तासांचे. मग औषध इतके जवळ असताना माणसे का मरत राहिली?

प्रश्न किती मोठा आहे, हेच आपल्याला फार उशिरा कळले. सरकारी नोंदी रुग्णालयातल्या मृत्यूंच्या असतात. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी अभ्यासात वेगळा मार्ग धरला गेला. मृत्यू झालेल्या घरी जाऊन कुटुंबीयांना विचारले, की शेवटी काय झाले? उत्तरांवरून अंदाज निघाला, की २००५ या एका वर्षात भारतात सुमारे ४५,९०० माणसे सर्पदंशाने दगावली. त्यांपैकी ७७ टक्के मृत्यू दवाखान्याबाहेर झाले होते. कागदावर ती माणसे नव्हतीच. घरच्यांनी सांगितले तेव्हाच ती मोजली गेली.

आता भगताचा प्रश्न. ‘अडाणीपणा’ म्हणून तो निकालात काढणे सोपे आहे, पण ते शास्त्रीय नव्हे. वर्गात एक गणित मांडून पाहा. समजा, शंभर जणांना साप चावला. त्यांपैकी सत्तर जणांच्या बाबतीत साप बिनविषारी होता, किंवा विषारी असूनही त्याने विष सोडले नाही. हे सत्तर जण मंत्राने, पाल्याने किंवा काहीही न करता बरेच होणार. सगळे भगताकडे गेले, तर शंभरात सत्तर ‘गुण’ त्याच्या नावावर जमा. गावाचा अनुभव खोटा नाही, त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे. उपचार न घेतलेल्यांचे काय झाले, याच्याशी तुलना केल्याशिवाय उपचाराचा गुण कळत नाही. हा धडा विद्यार्थ्यांना पाठ्यपुस्तकातल्या कोणत्याही उदाहरणापेक्षा यातून लवकर समजेल.

अशी तुलना करायला मोठी प्रयोगशाळा लागतेच असे नाही. रायगड जिल्ह्यात महाडजवळच्या बिरवाडी प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिम्मतराव बावस्कर १९७६ मध्ये रुजू झाले. लाल विंचवाच्या दंशाने मुले दगावत होती. डॉक्टर रोग्याच्या उशाशी बसले, तासातासाला नाडी, रक्तदाब, श्वास यांची नोंद करत राहिले. हृदयावर ताण येऊन फुप्फुसात पाणी भरते आणि मृत्यू ओढवतो, हे त्यांच्या ध्यानात आले. १९८२ मध्ये त्यांचे निरीक्षण ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात छापून आले. पुढे रक्तदाबासाठी वापरले जाणारे प्राझोसिन हे साधे औषध त्यांनी या रोग्यांना दिले, आणि मृत्यूचे प्रमाण झपाट्याने घटले.

हेच डॉ. बावस्कर पुढे डहाणूच्या सर्पदंश-संशोधनातही सहभागी झाले. मुंबईच्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेचे ग्रामीण संशोधन केंद्र डहाणूत आहे. तेथील संशोधकांनी प्रयोगाआधी प्रश्न विचारले. आदिवासी ग्रामस्थ, आशा कार्यकर्त्या, भगत आणि सर्पमित्र यांच्याशी ते बोलले, आणि वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या ज्ञानाचीही चाचपणी केली. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासातून दिसले, की विष उतरवण्यासाठी चिंचोका किंवा लोहचुंबक लावण्याची समजूत लोकांत आहे. पण तेवढेच नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रांतल्या डॉक्टरांनाही सर्पदंशाच्या उपचाराचे पुरेसे प्रशिक्षण मिळालेले नव्हते. म्हणजे वाटेचे दोन्ही टोकांना काम बाकी होते. फक्त गावाची परीक्षा घेतली असती, तर दुसरे टोक दिसलेच नसते.

आदिवासी हा केवळ ‘ज्याला शिकवायचे तो’ नव्हे, याचे उदाहरण तमिळनाडूत आहे. साप पकडण्यात निष्णात असलेल्या इरुळा जमातीची सहकारी संस्था १९७८ मध्ये चेन्नईजवळ उभी राहिली. साप पकडायचा, विष काढायचे आणि त्याला पुन्हा रानात सोडायचे, हे त्यांचे काम. देशातल्या प्रतिविषासाठी लागणारे विष मोठ्या प्रमाणात तेथून येते. यातून एक नवा प्रश्नही निघाला आहे : एकाच जातीच्या सापाचे विष प्रदेशागणिक बदलते. तमिळनाडूतल्या विषावर बनलेले औषध सगळीकडे सारखेच लागू पडते का? याचे उत्तर ठिकठिकाणच्या सापांचा अभ्यास केल्यावाचून मिळणार नाही.

डहाणू तालुक्याला अशा कामाची जुनी सवय आहे. मुले शाळेत येत नाहीत, गुरे राखतात, हे पाहून ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडच्या टेकडीवर शाळाच कुरणात नेली. मुले का येत नाहीत, हे त्यांनी आधी समजून घेतले. सर्पदंशाच्या बाबतीत आज तेच करायचे आहे.

शिक्षकांना आणि मोठ्या वर्गांतल्या विद्यार्थ्यांना यात करण्यासारखे बरेच आहे. गावाचा नकाशा काढा. प्रत्येक पाड्यापासून प्रतिविष असलेला दवाखाना किती दूर, रात्री गाडी कोणाकडे मिळते, पावसात कोणता ओढा रस्ता अडवतो, हे त्यावर मांडा. साप मारू नका, पकडू नका आणि शोधायलाही जाऊ नका. दंश झालेला अवयव मोडलेल्या हाडासारखा स्थिर ठेवायचा, घट्ट आवळायचा नाही, कापायचा नाही, चोखायचा नाही, आणि थेट दवाखाना गाठायचा, हे घरोघरी पोचवा. मण्यारीचा दंश बहुधा रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला होतो आणि त्याची खूणही क्वचितच दिसते. म्हणून पहाटे पोटात दुखून पापण्या जड होऊ लागल्या तर थांबायचे नाही. हे भगतालाही सांगा. ‘आधी गाडी बोलवा’ हे शब्द त्याच्या तोंडून आले, तर गाव ते लवकर ऐकेल.

जागतिक आरोग्य संघटनेने सर्पदंशाला दुर्लक्षित रोगांच्या यादीत २०१७ मध्ये स्थान दिले, आणि भारताची राष्ट्रीय कृती योजना २०२४ मध्ये आली. योजना दिल्लीत लिहिली गेली. पण कोणत्या पाड्यावर पावसाळ्यात गाडी पोचत नाही, हे त्या पाड्यावरचा विद्यार्थीच सांगू शकेल.