चुलीतली राख, काँक्रीटमधली राख

आजच्या भागात इतिहास आहे, पण गडकिल्ल्यांचा नाही. राखेचा.

झालं असं, की डोंबिवलीतली आमची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला चाललीय. सोसायटीच्या मीटिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावरचे काका उठून म्हणाले, "हल्ली काँक्रीटमध्ये राख मिसळतात. ही भेसळ आम्हाला चालणार नाही!" सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी बीटेक, पण कॉम्प्युटरवाला! तरी वाचायला बसलो. आईबाबांची आयुष्यभराची कमाई त्या घरात आहे.

पहिली गोष्ट कळली ती ही, की काकांच्या डोळ्यांसमोर चुलीतली राख होती, आजी भांडी घासायची ती. फ्लाय अ‍ॅश वेगळी. वीजकेंद्रात पिठासारखा दळलेला कोळसा बॉयलरमध्ये फुंकतात. त्यातली माती वितळते आणि धुराबरोबर उडता उडता थेंबासारखी गोल होऊन थिजते. कोळसा जाळून वीज करणं आपल्याकडे जुनंच. १९२९ साली जीआयपी रेल्वेनं लोकलसाठी आपल्या ठाकुर्लीतच चोळे पॉवर हाऊस उभारलं होतं.

बांधकामात राख ही कल्पना तर त्याहून कितीतरी जुनी. दोन हजार वर्षांपूर्वी रोमन लोक चुन्यात ज्वालामुखीची राख घालून बंदरं बांधत. आपल्याकडे चुन्यात सुरखी, म्हणजे भाजलेल्या विटांची पूड, पडायची. तत्त्व एकच. सिमेंटला पाणी लागलं की थोडा चुना मोकळा सुटतो. राखेतली सिलिका त्या चुन्याला धरते आणि त्याचाही बांधणारा पदार्थ करते.

१९३७ मध्ये अमेरिकेत रेमंड डेव्हिस आणि सहकाऱ्यांनी यावर शोधनिबंध लिहिला. मग १९४८ ते १९५३ या काळात बांधलेल्या हंग्री हॉर्स धरणात एक लाख टनांहून जास्त फ्लाय अ‍ॅश वापरली. एवढं काँक्रीट घट्ट होताना तापतं आणि तडकतं. राखेनं ती उष्णता कमी होते. भारतात रिहंद धरणात ती वापरली गेली आणि १९६६ मध्ये आयएस ३८१२ हे मानक आलं.

आता खरी मेख. राख चांगली की वाईट, हे तिचा कण ठरवतो.

कण गोल असले की बेअरिंगच्या गोळ्यांसारखे घरंगळतात. काँक्रीट कमी पाण्यात नीट पसरतं, आणि पाणी कमी म्हणजे छिद्रं कमी. कण बारीक हवेत. मानकानुसार ४५ मायक्रॉनच्या चाळणीवर ३४ टक्क्यांहून जास्त राख उरता कामा नये. जाडी राख चुन्याशी धड बोलतच नाही. तिसरं म्हणजे न जळलेला कोळसा. तो पाणी आणि रसायनं शोषून घेतो, मिश्रण बिघडवतो. राख फार काळी दिसली, तर विचारा.

चांगली राख छिद्रं बुजवते. ठाण्याच्या खाडीकाठी याचं मोल मोठं, कारण खारं पाणी आत शिरलं की सळ्या गंजतात आणि स्लॅबचे पोपडे पडतात.

पण ही राख सावकाश काम करते. ताकद सुरुवातीला कमी असते, नंतर महिनोन्‌महिने वाढत राहते. म्हणून आयएस ४५६ साध्या सिमेंटला किमान ७ दिवस पाणी मारायला सांगतं आणि राखवाल्याला किमान १०. घाईनं सेंट्रिंग काढलं, पाणी मारायचं टाळलं, तर दोष घाईचा. नाव मात्र राखेचं खराब होतं.

पुढच्या मीटिंगमध्ये मी हे सगळं सांगितलं. काका गप्प ऐकत होते. मग आम्ही बिल्डरला द्यायच्या पत्रातली "राख नको" ही ओळ खोडली आणि तिथे तीन मागण्या लिहिल्या: राखेचा टेस्ट रिपोर्ट दाखवा, तिचं प्रमाण लेखी द्या, पाणी मारल्याची रोजची नोंद ठेवा. नोंदवही तपासायला रोज साइटवर कोण जाणार? काकांनी स्वतःच हात वर केला.

तुमचीही बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला चालली असेल, तर हा भाग सोसायटीच्या ग्रुपवर टाका. भेटू पुढच्या भागात!