एकाच पेशंटला दोन ट्यूमर : कॅन्सर पसरला की नवीन झाला? उत्तर डीएनएमध्ये

शरीरात दोन ठिकाणी कॅन्सरच्या गाठी सापडल्या की घरचे लगेच घाबरून म्हणतात, "पसरला!" पण दर वेळी तसंच असेल असं नाही. दुसरी गाठ हा अगदी वेगळा, नवीन कॅन्सरही असू शकतो. हे कळणं गरजेचं आहे, कारण उपचार त्यावरच ठरतात.

फरक कसा ओळखतात?

पेशी वाढताना डीएनएची कॉपी होते आणि त्यात काही चुका राहतात. या चुका म्हणजे म्युटेशन. दोन व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आलेल्या मेसेजमध्ये शुद्धलेखनाच्या त्याच त्या चुका दिसल्या, तर मूळ मेसेज एकच हे आपण ओळखतो. गाठींचंही तसंच! मायक्रोस्कोपखाली बघून उलगडा झाला नाही, तर दोन्हींचं डीएनए सिक्वेन्सिंग करता येतं. बऱ्याच चुका जुळल्या तर मूळ एकच, म्हणजे कॅन्सर पसरलाय. जुळल्या नाहीत तर दोन्ही स्वतंत्र.

सोबत रक्ताचा नमुनाही तपासतात. जन्मापासून असलेला बदल दोन्ही गाठींत दिसणारच, त्यामुळे तो पसरल्याचा पुरावा धरत नाहीत.

स्वतंत्र गाठी का होतात?

१. जन्मजात बदल : बहुतेक जीन्सच्या आपल्याकडे दोन कॉपी असतात, एक आईकडून, एक वडिलांकडून. रेटिनोब्लास्टोमा या लहान मुलांच्या डोळ्यांच्या कॅन्सरमध्ये आरबी१ जीनच्या दोन्ही कॉपी बिघडतात. काही मुलांत एक कॉपी जन्मतःच बिघडलेली असते. मग कुठल्याही पेशीत आणखी एक बिघाड पुरतो आणि दोन्ही डोळ्यांत वेगवेगळ्या गाठी होऊ शकतात. अल्फ्रेड नुडसन यांनी १९७१ मध्ये मांडलेली हीच 'टू-हिट' कल्पना. बीआरसीए१ आणि बीआरसीए२ मधल्या जन्मजात बदलांमुळे स्तन आणि अंडाशय, दोन्हींच्या कॅन्सरचा धोका वाढतो.

२. तंबाखू : तंबाखूमुळे तोंडाच्या आतल्या बऱ्याच भागातल्या पेशी बिघडतात. एक गाठ काढली तरी बाकीचा भाग तसाच राहतो आणि तिथे नवीन गाठ होऊ शकते.

घरच्यांनी काय करावं?

बीआरसीएसारखा बदल पालकाकडे असेल, तर तो प्रत्येक मुलाकडे येण्याची शक्यता ५० टक्के असते. रक्त किंवा लाळेच्या टेस्टमधून ते कळतं. टेस्ट पॉझिटिव्ह म्हणजे कॅन्सर झाला असं नाही. धोका जास्त आहे, एवढंच. वेळेवर तपासण्या सुरू करता येतात, म्हणून आधी जेनेटिक काउन्सेलरशी बोला.