उंचीची भीती वाटते, तरी पॅराट्रूपर होता येतं का?

पुण्यातल्या वारज्यातून शिवणे, उत्तमनगर, कोंढवे-धावडे ओलांडलं की राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचं, म्हणजे एनडीएचं प्रवेशद्वार येतं. सैन्यात जायचं स्वप्न बघणारी मुलं-मुली या रस्त्याला नवीन नाहीत. त्यांतल्या काहींना मरून रंगाची बेरे टोपी आणि छातीवर पॅराशूटचे पंख हवे असतात. अडचण एकच असते. सोसायटीच्या दहाव्या मजल्याच्या गच्चीवरून खाली पाहिलं की पाय लटपटतात.

मग हे स्वप्न सोडून द्यायचं का? थोडक्यात उत्तर असं, की उंचावर भीती वाटणं हा अडथळा नाही. भीती वाटत असताना सांगितलेलं काम हातून होत नसेल, तर तो अडथळा आहे. आणि या दुसऱ्या गोष्टीचा सराव करता येतो.

गच्चीवर पाय का लटपटतात?

माणसाचा तोल तीन गोष्टी सांभाळतात: कानाच्या आतला भाग, डोळे आणि पायांच्या स्नायू-सांध्यांकडून येणारे संदेश. सरळ उभं असतानाही शरीर किंचित झुलत असतं. जवळ भिंत किंवा झाड असेल तर डोळ्यांना ते झुलणं लगेच कळतं. गच्चीच्या कडेला मात्र समोरची प्रत्येक वस्तू लांब असते. डोळ्यांची मदत कमी होते, झुलणं वाढतं आणि मेंदू धोक्याची घंटा वाजवतो. कठड्याला नुसता हात लावला तरी बरं वाटतं, ते यामुळेच.

म्हणजे हा भित्रेपणा नाही, शरीराची संरक्षणव्यवस्था आहे. काहींमध्ये ती जरा जास्तच जागरूक असते. ती इतकी तीव्र झाली की माणूस पूल, जिने, बाल्कनी टाळायला लागतो, तेव्हा डॉक्टर तिला उंचीचा भयगंड म्हणतात.

विमानातून खाली पाहणं वेगळं असतं

अनेक पॅराशूटधारी सांगतात की विमानातून उडी मारताना इमारतीच्या कडेसारखी भीती वाटत नाही. कारण सोपं आहे. इमारतीची भिंत नजरेला थेट जमिनीपर्यंत नेते. विमानातून खाली शेतं आणि रस्ते नकाशासारखे दिसतात, खोलीचा अंदाज येत नाही. त्यामुळे गच्चीवर घाबरणारा विमानाच्या दारातही तितकाच घाबरेल, असं नसतं. तिथे भीती असते ती स्वतःहून बाहेर पाऊल टाकण्याची.

प्रशिक्षणात काय होतं?

भारतीय सैनिकांना पॅराशूटने उडी मारायला आग्र्याच्या पॅराट्रूपर्स ट्रेनिंग स्कूलमध्ये शिकवतात. ही शाळा हवाई दल चालवतं. आधी जमिनीवरचं प्रशिक्षण होतं. पाय आणि गुडघे जुळवून उतरायचं, एका कुशीवर लोळण घ्यायची, विमानाच्या दारातून कसं बाहेर पडायचं, हे सगळं शरीराच्या अंगवळणी पाडलं जातं. पंख मिळवण्यासाठी पाच उड्या लागतात, त्यातली एक रात्रीची.

या उड्यांमध्ये पॅराशूट स्वतः उघडावं लागत नाही. त्याची एक पट्टी विमानाला जोडलेली असते. सैनिक बाहेर पडला की ती ताणली जाते आणि छत्री उघडते. शिवाय जवळ राखीव पॅराशूट असतं. जमिनीला टेकताना बसणारा धक्का काही फुटांवरून उडी मारल्याइतका असतो.

दारात अडखळणं सैन्याला का चालत नाही, हेही समजून घ्यायला हवं. विमान ताशी २०० किलोमीटर वेगाने जात असेल, तर एका सेकंदात ते सुमारे ५५ मीटर पुढे जातं. एकाने दोन सेकंद लावले, तर त्याच्या मागचा प्रत्येक जण शंभराहून अधिक मीटर लांब पडतो.

टांगाईलची उडी

याचं मोल दाखवणारी घटना मराठा लाइट इन्फंट्रीशी जोडलेली आहे. या रेजिमेंटची तिसरी पलटण पुढे पॅराशूट रेजिमेंटमध्ये जाऊन २ पॅरा झाली. ११ डिसेंबर १९७१ रोजी लेफ्टनंट कर्नल कुलवंतसिंग पन्नू यांच्या नेतृत्वाखाली या पलटणीने आजच्या बांगलादेशातल्या टांगाईलजवळ उड्या मारल्या. माघार घेत ढाक्याकडे निघालेल्या पाकिस्तानी फौजेची वाट अडवायला लोहाजंग नदीवरचा पूंगली पूल ताब्यात घ्यायचा होता. पूल मिळाला. दुसऱ्या दिवशी जमिनीवरून पुढे आलेली मराठा लाइट इन्फंट्रीची पहिली पलटण, म्हणजे ‘जंगी पलटण’, त्यांना येऊन मिळाली. उडीनंतर पाच दिवसांनी ढाक्यात शरणागती झाली.

भीती सरावाने कमी होते का?

अमेरिकेत रिचर्ड वॉक या मानसशास्त्रज्ञाने १९५६ मध्ये पॅराशूटचं प्रशिक्षण घेणाऱ्या सैनिकांना स्वतःच्या भीतीला आकडा द्यायला सांगितलं. सराव-मनोऱ्यावरून जसजशा उड्या होत गेल्या, तसतसा हा आकडा खाली आला.

१९६० च्या दशकात सीमोर एपस्टाइन आणि वॉल्टर फेन्झ यांनी नवख्या आणि अनुभवी पॅराशूटधाऱ्यांची तुलना केली. नवख्यांची अस्वस्थता उडीच्या क्षणापर्यंत वाढतच गेली. अनुभवी लोकांची आधीच शिखर गाठून, दाराशी येईपर्यंत उतरणीला लागली. म्हणजे भीती अनुभवी माणसालाही वाटत होती, फक्त तिची वेळ बदलली होती.

वारज्यात राहून सुरुवात कशी करावी?

उपचारांत वापरली जाणारी पद्धत पायरीपायरीने जाण्याची आहे.

• भीतीला शून्य ते दहा असा आकडा द्यावा. जिथे आकडा तीन-चार येतो, तिथून सुरुवात करावी. उदाहरणार्थ, दुसऱ्या मजल्याची बाल्कनी.

• तिथे सुरक्षित उभं राहावं आणि आकडा निम्म्यावर येईपर्यंत थांबावं. भीती शिगेला असताना पळून आलं, तर ‘पळालो म्हणून वाचलो’ असंच मेंदू शिकतो.

• आकडा खाली आला की पुढची पायरी: चौथा मजला, मग भक्कम कठडा असलेली गच्ची. बदल म्हणून पर्वतीच्या १०३ पायऱ्या, नंतर सिंहगडाची पायवाट.

• शेवटी जाणकार प्रशिक्षकासोबत, हार्नेस आणि हेल्मेट घालून क्लाइंबिंग वॉल किंवा रॅपलिंग. इथे कठडा सोडून दोरावर विश्वास ठेवायचा सराव होतो.

गडाच्या कड्यावर उभं राहून रील काढणं हा सराव नाही. तिथे मेंदू देत असलेला इशारा खरा असतो.

अधिकारी होऊ पाहणाऱ्यांना या सरावाचा उपयोग आधीच होतो. एसएसबीच्या निवडचाचणीत तीन मिनिटांत दहा वैयक्तिक अडथळे पार करायचे असतात आणि त्यांतले काही उंचावर असतात.

मदत कधी घ्यावी?

कडेला गेल्यावर घाबरणं वेगळं आणि सपाट जमिनीवरही गरगरणं वेगळं. दुसरा त्रास कानाचा असू शकतो, त्यासाठी कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखवावं. भीतीमुळे रोजची कामं अडत असतील तर मानसोपचारतज्ज्ञ किंवा मानसशास्त्रज्ञाची मदत घ्यावी. केंद्र सरकारच्या ‘टेलि-मानस’ हेल्पलाइनचा क्रमांक १४४१६ आहे. दारू किंवा शामक गोळी घेऊन केलेला सराव कामाचा नाही आणि उंचावर तो धोकादायक आहे. वैद्यकीय तपासणीत आजार लपवणं त्याहून वाईट, कारण त्याची किंमत सोबतच्या सैनिकांनाही मोजावी लागू शकते.

एक गोष्ट विसरू नये. पॅराट्रूपर होण्यासाठी स्वेच्छेने पुढे यावं लागतं. काही महिने नीट सराव करूनही मन तयार झालं नाही, तर सैन्यात तोफखाना, रणगाडे, सिग्नल्स अशा कितीतरी शाखा आहेत. पण पहिल्याच गच्चीवर पाय लटपटले म्हणून अर्जच भरायचा नाही, हा निर्णय घाईचा ठरेल.