चोरासाठी मांडलेलं खोटं घर : हनीपॉटचा इतिहास



तत्त्वज्ञानाच्या माणसाचा संगणकाच्या सुरक्षेशी काय संबंध, असा प्रश्न विषय वाचून तुमच्यापैकी काहींना पडला असेल. प्रश्न रास्त आहे. पण खोटं बोलावं का, कुणाशी बोलावं, किती बोलावं, आणि त्या खोट्याची किंमत कुणी मोजायची, हे प्रश्न आमच्याच दुकानातले आहेत. जर्मन तत्त्वज्ञ कांट याने १७९७ साली एक छोटा निबंध लिहिला. समजा, खुनी तुमच्या दारात आला आणि तुमच्या घरात लपलेल्या मित्राचा ठावठिकाणा विचारू लागला, तर त्याच्याशी खोटं बोलण्याचा हक्क तुम्हाला आहे का? कांट म्हणाला, नाही. दोनशेहून अधिक वर्षं आम्ही त्यावर वाद घालतो आहोत. संगणकाच्या पहारेकऱ्यांना मात्र वाद घालत बसायला वेळ नव्हता, कारण त्यांच्या दारात माणूस खरोखरच उभा होता. त्यांनी काय केलं, कुठे फसले आणि त्यातून कोणते नियम शिकले, तो आजचा विषय.

आधी हनीपॉट म्हणजे काय ते पाहू. चोराने आत शिरावं म्हणून मुद्दाम मांडून ठेवलेला संगणक म्हणजे हनीपॉट. त्यावर कुणाचंही खरं काम चालत नाही, पगारपत्रक नाही, ग्राहकांची खाती नाहीत. दिसायला मात्र तो इतर संगणकांसारखाच. ज्या घरात कुणी राहतच नाही त्याची कडी वाजली, तर वाजवणारा कोण हे बघायलाच हवं. सगळा युक्तिवाद एवढाच. जुन्नरकडे वनखातं बिबट्यासाठी पिंजरा लावतं आणि आत शेळी बांधतं, तसंच हे. फरक इतकाच की इथे आपण पिंजऱ्यात आहोत हे बिबट्याला कळता कामा नये. आत आल्यावर तो काय करतो, हेच तर पाहायचं असतं.

आता १९८६ सालात जाऊ. कॅलिफोर्नियातली लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा. क्लिफर्ड स्टॉल नावाचा खगोलशास्त्रज्ञ, त्याच्या संशोधनाचा निधी संपला म्हणून तिथल्या संगणक विभागात कामाला लागला होता. त्या काळी संगणकाच्या वेळेचे पैसे आकारत. हिशेब ठेवणाऱ्या दोन व्यवस्था होत्या आणि त्यांच्यात ७५ सेंटचा फरक आला. म्हणजे कुणीतरी सुमारे नऊ सेकंद फुकट वापरली होती. आपल्याकडचा एखादा जुना हेडक्लार्क पैशाचा मेळ लागेपर्यंत घरी जात नसे, तसा हा माणूस मागे लागला. निघालं काय, तर कुणीतरी बाहेरून शिरून यंत्रावर सर्वाधिकार मिळवला होता. युक्ती कोकिळेची. कोकिळा कावळ्याच्या घरट्यात अंडं घालते आणि कावळा ते आपलंच समजून उबवतो. इथे चोराने आपला प्रोग्रॅम यंत्रणेच्या राखीव जागेत सरकवून ठेवला, आणि यंत्रणेने तो आपलाच समजून चालवला.

आता पेच आला. दार बंद करावं, की उघडं ठेवून पाहत राहावं? दार बंद केलं तर हा चोर दुसऱ्याच्या घरी जाणार आणि तो कोण होता हे कधीच कळणार नाही. उघडं ठेवलं तर तो आपल्याच घरातून शेजाऱ्यांकडे जाणार. आणि तो जातच होता. स्टॉलने १९८८ साली प्रसिद्ध केलेल्या लेखानुसार या माणसाने सुमारे ४५० संगणकांवर प्रयत्न केला आणि ३० हून अधिक ठिकाणी तो आत शिरला. त्यात अमेरिकी लष्कराचे संगणक होते.

स्टॉलने दार उघडं ठेवलं, पण काही पथ्यं पाळून. पहिलं पथ्य : पाहणारा दिसता कामा नये. त्याने येणाऱ्या तारांवर प्रिंटर आणि छोटे संगणक असे जोडले की ते फक्त ऐकत. चोराने काहीही टाइप केलं की कागदावर उमटे, पण चोराच्या बाजूने त्याचा मागमूस नाही. या प्रकरणाबद्दल त्या यंत्रावरून ईमेल करायची नाही, कारण चोर टपाल वाचत होता. दुसरं पथ्य : जिथे तो शिरला त्या संगणकांच्या मालकांना कळवायचं. तिसरं : तो धोक्याचं काही करू लागला, तर स्टॉल किल्ल्यांचा जुडगा तारेच्या जोडावर टेकवी. पलीकडे चोराला वाटे, लाइन खराब आहे. संपर्क तुटे, संशय मात्र येत नसे.

माग जर्मनीपर्यंत पोचला, पण तिथल्या टेलिफोन केंद्रातली यंत्रं जुनी. माग काढायला तंत्रज्ञाने प्रत्यक्ष जाऊन जोडण्या पाहायच्या, त्याला वेळ लागे, आणि चोर तेवढा वेळ थांबतच नसे. मग आमिषाची कल्पना निघाली, आणि ती स्टॉलची मैत्रीण मार्था हिची. चोराला लष्करी गोष्टींत रस आहे ना? मग त्याला तेच वाचायला द्या. जानेवारी १९८७ मध्ये ‘एसडीआयनेट’ नावाच्या कधीच नसलेल्या प्रकल्पाची फाइलींची चळत तयार झाली. सरकारी पत्रव्यवहार घ्यायचा, नावं बदलायची, जिथे तिथे क्षेपणास्त्र-संरक्षणाची पेरणी करायची. कंटाळवाणं आणि लांबलचक, म्हणजे अगदी खरं वाटेल असं. चोर ते उतरवून घेत बसला आणि माग हॅनोव्हर शहरातल्या मार्कुस हेसपर्यंत पोचला. फाइलींमध्ये अधिक माहिती मागवण्यासाठी टपालाचा पत्ताही दिला होता. सुमारे तीन महिन्यांनी त्या पत्त्यावर पिट्सबर्गहून खरंखुरं पत्र आलं! तो पत्ता त्या फाइली वाचल्याशिवाय कुणालाही ठाऊक असणं शक्य नव्हतं. म्हणजे माहिती हॅनोव्हरहून आणखी कुठे तरी जात होती. हेस आणि त्याचे साथीदार ती सोव्हिएत केजीबीला विकत होते. १९९० मध्ये जर्मन न्यायालयाने त्यांना दोषी ठरवलं. शिक्षा झाल्या त्या स्थगित स्वरूपाच्या.

यातली एक बारीक गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. त्या खोट्या फाइली प्रयोगशाळेतल्या सामान्य वापरकर्त्याला उघडताच येत नव्हत्या. ज्याने आधीच कुलूप फोडून सर्वाधिकार बळकावला, त्यालाच त्या वाचता येत. हे का महत्त्वाचं, त्यासाठी आपण कौटिल्याकडे येऊ.

अर्थशास्त्राच्या पहिल्या अधिकरणात ‘उपधा’ सांगितल्या आहेत. अमात्य प्रामाणिक आहेत का, हे आमिष दाखवून पारखायचं. धर्माचं, पैशाचं, कामाचं आणि भयाचं, असे चार प्रकार. पूर्वाचार्यांनी हे सांगितलं. पण कौटिल्य तिथे स्वतःचं मत नोंदवून एक लगाम घालतो. राजाने या परीक्षेत स्वतःला किंवा राणीला लक्ष्य करू नये. आणि स्वच्छ पाण्यात विष कालवावं तसं, न बिघडलेल्या माणसाला बिघडवू नये, कारण एकदा बिघडलेल्यावर औषध सापडेलच असं नाही. पाहा, हनीपॉटची दोन मोठी पथ्यं इथे आहेत. आमिष म्हणून आपली खरी मौल्यवान वस्तू ठेवायची नाही. आणि निष्पापाला मोहात पाडायचं नाही. स्टॉलने कौटिल्य वाचला होता असं मी म्हणत नाही. प्रश्न तोच असला की विचारी माणसं त्याच उत्तराजवळ पोचतात, एवढंच म्हणतो.

पुढचा टप्पा १९९१ चा. बेल लॅब्जमध्ये बिल चेसविक नावाच्या तज्ज्ञापुढे असाच एक घुसखोर आला. जुन्या फटीतून तो पासवर्डांची फाइल मागत होता. फट बुजवलेली होती, पण चेसविकने त्याला एक बनावट फाइल पाठवून दिली. मग गंमत सुरू झाली. घुसखोर आज्ञा देई आणि चेसविक संगणकाच्या वतीने हातानेच उत्तरं देई! उत्तर द्यायला उशीर होई, म्हणून त्याने ठरवलं की आपलं हे यंत्र फारच मंद आहे आणि त्याची देखभाल वाईट आहे. एकदा ठरवलं की शेवटपर्यंत ते निभवायचं. आपल्याकडे म्हणतात ना, एक खोटं लपवायला शंभर खोटी बोलावी लागतात. चेसविकला त्या संध्याकाळी त्याचा शब्दशः प्रत्यय आला असणार. मध्येच त्या घुसखोराने सगळं यंत्र पुसून टाकायचा प्रयत्नही केला. नंतर चेसविकने त्याच्यासाठी मूळ यंत्राच्या आत एक बंदिस्त कोठडी बांधली आणि तिथे त्याला खेळू दिलं. पण अशा कोठडीतही अडचणी. यंत्रावर काय काय चालू आहे हे दाखवणारी आज्ञा खरी दिली, तर बिंग फुटणार; दिलीच नाही, तर चोर म्हणणार, हे कसलं यंत्र? माग नेदरलँड्सपर्यंत गेला, आणि तिथे त्या वेळी अशा घुसखोरीविरुद्ध कायदाच नव्हता.

१९९७ मध्ये फ्रेड कोहेन यांनी ‘डिसेप्शन टूलकिट’ काढलं. त्यातली एक कल्पना तत्त्वज्ञाला मोहवणारी आहे. ३६५ क्रमांकाचं पोर्ट त्यांनी राखून ठेवलं, आणि त्यावर यंत्र उघड सांगे की इथे फसवणुकीची व्यवस्था आहे. आता बघा, खोटं बोलणारा आधीच सांगतोय की मी खोटं बोलू शकतो! हेतू असा की अशी पाटी अनेकांनी लावली, मग मागे सापळा असो वा नसो, तर चोर प्रत्येक दारापाशी बिचकेल. ‘कुत्र्यापासून सावध’ ही पाटी कुत्रा नसलेल्या बंगल्यावरही काम करतेच की.

१९९९ मध्ये लान्स स्पिट्झनर यांनी आपला पहिला हनीपॉट इंटरनेटला जोडला. त्यांनीच लिहून ठेवलंय, की पंधरा मिनिटांत कुणीतरी तो फोडला. आणि हा सापळा आहे हे त्याच्या लक्षात येताच सगळी डिस्क पुसून निघून गेला. पुराव्यासकट सगळं गेलं. धडा साधा होता : चोराची नोंदवही चोराच्याच हाती लागेल अशा जागी ठेवायची नाही. पुढे त्यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या ‘हनीनेट प्रोजेक्ट’ने दोन गोष्टी वेगळ्या काढून मांडल्या. एक, नोंद : सगळं टिपायचं आणि दुसरीकडे सुरक्षित न्यायचं. दुसरी, लगाम : आत यायला वाट मोकळी, पण बाहेर जाणाऱ्या जोडण्या मोजून, अडवून. आपल्या सापळ्यातून शेजाऱ्यावर दगड फेकले गेले, तर ‘मी तर चोराचा अभ्यास करत होतो’ हे उत्तर शेजारी ऐकून घेणार नाही, आणि त्याने का ऐकावं?

चोरही शिकत होते. पहारेकऱ्यांनी यंत्राच्या गाभ्यात ‘सेबेक’ नावाचा गुप्त खबऱ्या बसवला होता. २००४ मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी त्याला ओळखण्याची युक्ती दाखवली. यंत्राला भरमसाट माहिती वाचायला लावायची. खबऱ्या बिचारा प्रत्येक वाचन बाहेर कळवत सुटतो, नेटवर्क तुंबतं, आणि तुंबलं की समजायचं, इथे कान आहेत.

आज ‘काउरी’सारखा तयार हनीपॉट कुणीही विद्यार्थी एका दुपारी बसवू शकतो. पण तो बिघडतो कसा, हे पाहिलं की हाच इतिहास पुन्हा समोर येतो. आठ दिवस झाले, एकही नोंद नाही? बहुधा खरी दूर-लॉगिनची सेवा अजून २२ क्रमांकाच्या पोर्टवरच आहे आणि हनीपॉट २२२२ वर वाट पाहत बसलाय. खरी सेवा आधी दुसऱ्या पोर्टवर न्यायची, तिथून आपण आत येऊ शकतो याची खात्री करायची, आणि मगच २२ ची वाट हनीपॉटकडे वळवायची. क्रम चुकला तर आपणच आपल्या घराबाहेर. मग बाहेरच्या नेटवर्कवरून स्वतः एकदा कडी वाजवून पाहायची. उलट, नोंदींचा पूर आलाय? आपल्याच कार्यालयातलं यंत्रांची मोजणी करणारं सॉफ्टवेअर रोज कडी वाजवत नाही ना, ते आधी तपासा. वेगवेगळ्या यंत्रांची घड्याळं जुळत नसतील, तर आधी काय झालं आणि नंतर काय, हे कुणालाच सांगता येणार नाही. आणि सर्वांत नेहमीची चूक म्हणजे आळस. काउरीचं ठरावीक नाव ‘एसव्हीआर०४’ बदललंच नाही, तर जगभरच्या चोरांना ती पाटी पाठ आहे. शिवाय नाव बदलूनही काम पूर्ण होत नाही. केंब्रिजमधल्या दोन संशोधकांनी २०१८ मध्ये दाखवलं की उत्तर देण्याच्या लकबीतले बारीक फरक पाहून हजारो हनीपॉट इंटरनेटवर दुरूनच ओळखता येतात. बहुरूप्याचा वेश पक्का, पण बोली उघडी पडली.

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. कांटच्या निबंधातला खुनी दारात उभा राहून प्रश्न विचारतो. हनीपॉटमध्ये मात्र कुणी काही विचारलेलं नसतं. चोर कुलूप फोडून कपाट उघडतो आणि आत जे सापडेल त्याला खरं मानतो. माझ्या मते त्याला फसवण्यात अन्याय नाही, पण हे मत अटींसह आहे. ज्याने कुलूप फोडलं नाही तो या खोट्यात सापडता कामा नये. चोराला मोकळं ठेवण्याचा धोका आपण पत्करला, तर त्याची झळ तिसऱ्याला लागता कामा नये. लागली, तर त्याला लगेच कळवलं पाहिजे. आणि जे टिपलं, ते ज्या कामासाठी टिपलं त्यापलीकडे वापरता कामा नये.

स्टॉलपुढे ७५ सेंटचा फरक होता, आणि एवढ्याशा रकमेसाठी सुरुवातीला एफबीआयलाही त्यात रस नव्हता. त्याने तो मिटवला नाही, वर्षभर रोजनिशी लिहिली, शिरकाव झालेल्या प्रत्येकाला कळवत राहिला. त्याचं खोटं उपयोगी पडलं ते त्याभोवती एवढा खरेपणा होता म्हणून. तुमच्यातल्या कुणाला उद्या सापळा लावायचा असेल, तर संगणकापाशी बसण्याआधी एक कोरा कागद घ्या आणि त्यावर लिहा : हा कुणासाठी आहे, तो फोडला गेला तर कुणाला झळ पोचेल, आणि तो बंद कधी करायचा. या तीन ओळी लिहिता आल्या नाहीत, तर तो सापळा लावू नका.