कमलाबाईंची अट
१९३३ साली कमला भागवत (पुढे सोहोनी) बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत गेल्या, तेव्हा संचालक रामन यांनी त्या स्त्री आहेत म्हणून प्रवेश नाकारला. कमलाबाई हटल्या नाहीत. अखेर वर्षभर पारखून घेण्याच्या अटीवर प्रवेश मिळाला. पुढे केंब्रिजची पीएच.डी. घेऊन १९३९ मध्ये त्या मायदेशी परतल्या.

सरकारी योजनांचा इतिहास चाळताना मला ती अट आठवत राहते. केंद्राचा जैवतंत्रज्ञान विभाग १९८६ चा. स्त्रियांसाठीचा ‘बायोकेअर’ कार्यक्रम मात्र २०११ मध्ये आला. त्यातून संशोधिकेला स्वतःच्या नावावर पहिला प्रकल्प मिळतो, नोकरी नसेल तर पाठ्यवृत्तीही. दार उघडले, हे खरेच. पण प्रकल्प तीन वर्षांचा. त्यानंतर कायमची जागा नसेल, तर पारख संपली असे मी कसे म्हणू?