आकाशातील शिदोरी

बुधवार पेठेतील अप्पा बळवंत चौक पुस्तकांच्या बाजारासाठी साऱ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. ज्या अप्पा बळवंत मेहेंदळे यांचे नाव या चौकास लाभले, त्यांचे वडील बळवंतराव १७६० साली पानिपतच्या मोहिमेत कामी आले. रणात पडलेल्यांची आठवण जपण्याची पुण्याची रीत जुनीच आहे. मात्र याच शहराच्या ईशान्येस असलेल्या लोहगावच्या तळावरून जी लढाऊ विमाने उडतात, त्यांच्या इतिहासात शत्रूची गोळी न लागता, शांततेच्या दिवसांत, सरावाच्या उड्डाणात प्राण गमावलेले वैमानिकही आहेत. त्यांची गणना कोणत्या खात्यात करावयाची, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो.

या प्रश्नाचे स्वरूप विमानविद्येच्या एका शाखेत विशेष स्पष्ट दिसते. ती शाखा म्हणजे हवेतल्या हवेत इंधन भरणे. पायी प्रवास करणाऱ्याला शिदोरी लागते, तशी विमानाची शिदोरी म्हणजे इंधन. ती संपेल तेथे मजल संपते. वाटेतच ही शिदोरी पुरवता आली तर मजल वाढेल, या विचारातून २७ जून १९२३ रोजी अमेरिकेत सॅन डिएगो येथे पहिला यशस्वी प्रयोग झाला. वरच्या विमानातून रबरी नळी खाली सोडण्यात आली आणि खालच्या विमानात बसलेल्या स्मिथ व रिक्टर या दोघांपैकी रिक्टर यांनी ती हाताने पकडली. पाच महिनेही लोटले नाहीत, तोच १८ नोव्हेंबरला टेक्सासमध्ये अशाच प्रात्यक्षिकात नळी पंखात गुरफटली आणि इंधन देणाऱ्या विमानाचे चालक वॅग्नर मृत्यू पावले.

पुढचा अध्याय आपल्या देशाशी निगडित आहे. २२ सप्टेंबर १९३४ रोजी सर ॲलन कॉबम आणि स्क्वाड्रन लीडर हेल्मोर इंग्लंडहून कोठेही न उतरता हिंदुस्थान गाठण्याच्या निर्धाराने निघाले. इंग्लंडच्या किनाऱ्यावर त्यांनी हवेत इंधन घेतले. परंतु माल्टा येथे यंत्राच्या नियंत्रणात बिघाड झाला आणि त्यांना सक्तीने उतरावे लागले. ते दोघेही सुखरूप राहिले. मात्र त्यांना इंधन पुरवून परतलेले विमान त्याच दिवशी शेपटीकडील एक खिळा निकामी झाल्याने ॲस्टन क्लिंटन या गावी कोसळले आणि त्यातील चौघेही दगावले. कॉबम यांचे नाव आजही घेतले जाते. त्यांची शिदोरी ज्यांनी वाहिली, त्यांची नावे फारच थोड्यांना माहीत असतील.

पुण्याच्या हवाई इतिहासातही असाच विरोधाभास आढळतो. १८ डिसेंबर १९६१ रोजी पुण्याहून निघालेल्या बारा कॅनबेरा विमानांनी गोव्यातील दाबोळीच्या धावपट्टीवर बॉम्बफेक केली. गोवामुक्तीच्या त्या मोहिमेत हवाई दलाचे नेतृत्व एअर व्हाइस मार्शल एर्लिक पिंटो यांच्याकडे होते. मोहीम यशस्वी झाली. पुढे दोन वर्षेही उलटली नाहीत, तोच २२ नोव्हेंबर १९६३ रोजी पूंछजवळ त्यांचे हेलिकॉप्टर तारांना धडकले. लेफ्टनंट जनरल दौलत सिंग यांच्यासह सहा अधिकारी त्या अपघातात गेले. युद्धाने ज्याला हात लावला नाही, त्याला एका तारेने नेले.

हवेतील इंधनपुरवठा भारतीय हवाई दलास उशिरा लाभला. २७ सप्टेंबर २००२ रोजी लोहगाव येथे सुखोई-३० एमकेआय विमाने दाखल झाली आणि २००३ साली आग्रा येथे इल्युशिन-७८ ही इंधनवाहू विमाने आली. या विमानातून एकाच वेळी तीन नळ्या सोडता येतात. प्रत्येकीच्या टोकाशी टोपलीच्या आकाराचे एक साधन असते. इंधन घेणाऱ्याने आपल्या विमानाच्या नाकाजवळील नलिका त्या टोपलीत अलगद बसवावयाची असते. ही टोपली हवेत सतत डोलते. शिवाय जवळ येणाऱ्या विमानाच्या पुढील हवेचा झोतही तिला बाजूला सारतो. म्हणून नवशिक्या वैमानिकाला पहिला धडा दिला जातो तो असा, की टोपलीचा पाठलाग करू नये. नजर इंधनवाहू विमानावर ठेवून त्याच्याशी आपले स्थान स्थिर राखावे. आपली मजल दुसऱ्याच्या स्थैर्यावर अवलंबून आहे, हे त्या क्षणी जितके कळते तितके क्वचितच कळत असेल.

ज्या व्यवसायात परस्परविश्वास हेच भांडवल असते, तेथे सहकाऱ्याचा मृत्यू केवळ शोकाचा विषय राहत नाही. ३० एप्रिल २००९ रोजी पुण्याहून उडालेले एक सुखोई राजस्थानात पोखरणच्या परिसरात कोसळले आणि विंग कमांडर नाराह मरण पावले. भारतीय हवाई दलाने गमावलेले हे पहिले सुखोई-३० होते. अशा प्रसंगी मागे राहिलेल्यांच्या मनात पहिला प्रश्न येतो तो 'का?' हाच. बिघाडाचे नेमके कारण सापडले तर पुढच्या वैमानिकाचा जीव वाचतो. उड्डाणाच्या नियमपुस्तकातील पुष्कळ नियम कोणाच्या तरी मृत्यूची किंमत देऊन लिहिले गेले आहेत.

म्हणूनच दोष मृताच्या माथी मारला जातो तेव्हा जखम दुहेरी होते. १७ सप्टेंबर २००१ रोजी फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ यांचे मिग-२१ सुरतगडजवळ कोसळले. चौकशीचा रोख वैमानिकाच्या चुकीकडे गेला. त्यांच्या मातोश्री कविता गाडगीळ आणि वडील, निवृत्त विंग कमांडर अनिल गाडगीळ यांनी तो निष्कर्ष मान्य केला नाही. मिग विमानांच्या सुरक्षिततेचा प्रश्न त्यांनी देशापुढे मांडला, आणि पुण्यात मुलाच्या नावाने विमानप्रशिक्षणाची संस्था उभारली. दुःखाचे असे रूपांतर करण्यास मोठे धैर्य लागते. सहा दशकांहून अधिक सेवेनंतर २६ सप्टेंबर २०२५ रोजी मिग-२१ विमानांना चंडीगड येथे निरोप देण्यात आला. त्या विमानांनी बजावलेल्या पराक्रमाबरोबर त्यांत गेलेल्या तरुणांचा हिशेबही इतिहासाने मांडावयास हवा.

पराक्रमाच्या स्मरणाला पुतळा किंवा चौकाचे नाव पुरते. अपघातात गेलेल्यांचे स्मरण अधिक कष्टाचे असते, कारण त्यासाठी सत्य शोधावे लागते, मग ते कितीही अडचणीचे असो. गेलेल्या सहकाऱ्याच्या अनुभवातून जे कळले, तीच मागून येणाऱ्याची शिदोरी. ती प्रामाणिकपणे बांधून देणे हे जिवंतांचे कर्तव्य आहे.